पाईप, बादली आणि वजा ०.३०४ सेकंद : अकरावी फिजिक्स प्रोजेक्टच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

सरांनी सुट्टी लागायच्या आधी विषय वाटले, माझ्या वाट्याला प्रक्षेप्य गती आली, म्हणजे वर फेकलेली वस्तू कुठे आणि कधी पडते ते वर्गसमीकरण मांडून काढायचं आणि प्रत्यक्ष करून ताळा घ्यायचा. सर म्हणाले वहीत रोज काय केलं ते तारखेसकट लिहा, चुकलं तरी खोडू नका. म्हणून ही वही.

खरं सांगायचं तर दहावीत वर्गसमीकरणं शंभर तरी सोडवली असतील पण ती कशाची होती ते कधी विचारलं नाही, बापाचं वय मुलाच्या वयाच्या वर्गाएवढं वगैरे असली गणितं, असला बाप कुठे असतो काय माहीत. ऋण उत्तर आलं की "वय ऋण असू शकत नाही म्हणून हे उत्तर अमान्य" असं लिहायचं, अर्धा मार्क त्या वाक्याला असायचा. ते वाक्य हात आपोआप लिहितो आता.

आज ताई आलीय पुण्याहून, ओवाळून झालं, जेवण झालं, मग तिला स्लॅबवर नेलं आणि टेनिस बॉल फेकून बघितला. तिने खाली उभं राहून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. पाच वेळा फेकला, पाच वेगळी उत्तरं. त्यातला एक बॉल शेजारच्यांच्या गोठ्यात गेला तो अजून तिकडेच आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बॉल कॅन्सल. अडचण गणिताची नाही, माझ्या हाताची आहे, हात दरवेळी वेगळ्या जोरानं आणि वेगळ्या कोनात फेकतो, आणि दोन्ही माहीत नसल्यावर ताळा कशाचा घेणार.

संध्याकाळी आज्जी अंगणात पाणी मारत होती, बोट लावून पाईपची धार लांब टाकत होती, आणि डोक्यात एकदम आलं की अरे ही धार म्हणजे एकामागून एक फेकलेले बॉलच आहेत की, सगळे एकाच वेगानं, एकाच कोनात, आणि वर अख्खा रस्ता डोळ्यासमोर तसाच थांबून राहतो, फोटो काढता येतो. ताईला फोन केला तर ती म्हणाली हे तुझ्या आधी टॉरिचेलीनं केलंय, १६४४ च्या त्याच्या ग्रंथात पाण्याच्या धारांचं गणित आहे. असू दे म्हणलं, त्याच्याकडे आज्जी नव्हती.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सामान जमवलं:
स्लॅबवरची टाकी, टाकीतल्या पाण्याची पातळी जमिनीपासून अंदाजे ४.८ मीटर. पाऊण इंची पाईप, तीस मीटर. टोकाला पितळी निपल, दुकानदार म्हणाला आठ एमएम, पण विश्वास नाही म्हणून अण्णांच्या पेटीतलं ८ चं ड्रिल बिट आत घालून बघितलं, बरोबर घट्ट बसलं, ठीक. कोनासाठी कंपासपेटीतला कोनमापक निपलला रबरबँडनं बांधला आणि मध्यातून दोऱ्याला नट लटकवला, ओळंब्यासारखा. हे सगळं फवारणी पंपाच्या जुन्या स्टँडवर, निपलचं तोंड जमिनीपासून १.२० मीटर. सगळी मापं अण्णांच्या टेपनं.

वेग काढायची युक्ती साधी आहे, बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. बादली पंधरा लिटरची म्हणून विकत घेतलेली पण लिटरच्या बाटलीनं दहा वेळा पाणी ओतून आतून दहाची खूण केली. पाणी दहा लिटर, भोकाचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिलिमीटर, भागून टाकलं की धारेचा वेग.

तीन वेळा घेतलं, सरासरी ३५.२ सेकंद. वेग आला ५.६५ मीटर प्रति सेकंद.

आता धार आडवी सोडली, कोन शून्य. १.२० मीटर खाली यायला लागणारा वेळ ४.९ टी² = १.२ वरून ०.४९५ सेकंद, तेवढ्या वेळात पाणी ५.६५ × ०.४९५ = २.८० मीटर पुढे जायला पाहिजे. पडलं २.४१ वर.

चाळीस सेंटिमीटरचा फरक! परत केलं. २.४१. परत, २.४२. हवेच्या अडथळ्यावर ढकलून द्यावं असं मनात आलं होतं, पुस्तकात असंच असतं, पण तीन मीटरच्या आतल्या जाड धारेला हवा एवढी कशी अडवेल.

आईचा वेगळाच मुद्दा. सकाळी सडा टाकलेल्या अंगणात मी खड्डा पाडलाय. उद्यापासून परातीत राख घालून तिथे ठेवायची, म्हणजे धार कुठे पडते तेही नीट कळेल आणि अंगणही वाचेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

चूक अण्णांनी एका वाक्यात काढली. मी बादली जमिनीवर ठेवून भरत होतो, म्हणजे पाईपचं तोंड खाली घेऊन. अण्णा चहा पीत बघत होते, म्हणाले, "आरं, पाईप खाली घेतलास की जोर वाढतो, एवढं कळत न्हाय व्हय? रानात बघतोस की रोज. खालच्या वावरात पाणी कसं पळतं आन वरच्या बांधाला कसं मरतं."

आता स्टुलावर पाट, पाटावर बादली, बादलीचं तोंड निपलच्या उंचीला. टाकीचा वॉल्व्ह बंद करायचा नाही, वरून मोटर चालू ठेवून टाकी भरून वाहती ठेवायची, नाहीतर पातळी उतरते आणि वेग बदलतो (हेही काल केलं नव्हतं). वाहून जाणारं पाणी केळीला लावलं, नाहीतर अण्णांनी प्रोजेक्टच बंद पाडला असता.

४०.२, ३९.६, ४०.४ सेकंद. वेग ४.९७. आडव्या धारेचा अंदाज २.४६ मीटर, पडली २.४१ वर. पाच सेंटिमीटर! कालच्या चाळीसच्या जागी पाच. एवढं चालेल, बादलीची खूण, भोक, टेप सगळ्यात थोडं थोडं असणारच. २.४१ वरून उलट वेग काढला तर ४.८७ येतो. मी दोन्हींच्या मधला ४.९ धरला. याला लबाडी म्हणायची असेल तर म्हणा, पण ४.९ धरण्यात एक मजा आहे ती उद्या लिहितो.

जाता जाता, पुस्तकात जी (g, म्हणजे गुरुत्व त्वरण) ९.८ आहे, आपल्या साताऱ्याकडे अक्षांश आणि उंची बघता तो ९.७८ च्या आसपास येतो. फरक हजारात दोनचा, माझ्या टेपच्या चुकीपुढे काहीच नाही, म्हणून ९.८ च.

१० नोव्हेंबर, रविवार

मजा ही. धार थीटा एवढा कोन करून वर सोडली तर टी सेकंदांनी उंची:

उंची = १.२ + ४.९ × साइन थीटा × टी − ४.९ टी²

जमिनीवर पडते तेव्हा उंची शून्य. आणि वेग ४.९ असल्यामुळे सगळ्याला ४.९ नं भागलं की

टी² − साइन थीटा × टी − ०.२४५ = ०

एवढं छोटं समीकरण! ३० अंशाला साइन म्हणजे अर्धा, तर टी² − ०.५ टी − ०.२४५ = ०. अवयव पडत नाहीत, सूत्र वापरायचं. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येतो तो आकडा) ०.२५ + ०.९८ = १.२३, वर्गमूळ १.१०९. मुळं दोन:

टी = ०.८०४ सेकंद
टी = −०.३०४ सेकंद

०.८०४ सेकंदात आडवं अंतर ४.९ × कोसाइन ३० × ०.८०४ = ३.४१ मीटर. स्टँडवर कोन ३० लावला, नट डुलायचा थांबेपर्यंत थांबलो, कॉक उघडला. राखेत भोक पडलं ३.३६ वर. पाच सेंटिमीटर आधी, आडव्या धारेसारखंच.

मी एवढा खूष झालो की परात उचलून तिथे खुंटी ठोकली.

मग वहीत लिहायला बसलो आणि हातानं आपोआप लिहिलं, "वेळ ऋण असू शकत नाही म्हणून टी = −०.३०४ अमान्य." आणि लिहून झाल्यावर तसाच बघत बसलो. वय ऋण नसतं हे पटतं. पण वेळ ऋण का नसते? मी कॉक उघडला तो क्षण शून्य धरलाय, मी धरलाय, त्याच्या ०.३०४ सेकंद आधीही अंगण होतंच, आई चुलीवर काहीतरी करत होतीच. मग समीकरण तिथे नेमकं काय दाखवतंय?

खोडायचं नाही म्हणून ते वाक्य तसंच ठेवलंय, पुढे प्रश्नचिन्ह केलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर कॉलेज, काही जमलं नाही. शिवाय या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, अण्णांबरोबर दोन रात्री पाणी धरायला गेलो.

आज दुसरा प्रकार. आत्तापर्यंत कोन दिलेला आणि पाणी कुठे पडतं ते शोधायचं असं होतं, आता उलट, जागा दिलेली आणि कोन शोधायचा. कंपाउंडच्या भिंतीवर पत्र्याचा डबा ठेवला, तोंड वर, तोंडाची उंची जमिनीपासून १.४० म्हणजे निपलपेक्षा २० सेंटिमीटर वर. अंतर २.०० मीटर. या डब्यात पाणी पडायला कोन किती लावू?

इथे टी काढून टाकावा लागतो. आडव्या अंतरावरून टी काढून उंचीच्या समीकरणात घातला की साइन कोसाइन दोन्ही येतात आणि डोकं फिरतं, पण एक भाग कोसाइनच्या वर्गानं भागलेला असतो, आणि १ भागिले कोसाइन वर्ग म्हणजे १ + टॅन वर्ग, हे दहावीतच केलेलं. मग फक्त टॅन उरतो. त्याला म म्हणूया, क्ष म्हणजे आडवं अंतर:

उंचीतला फरक = क्ष म − (क्ष² ÷ ४.९) × (१ + म²)

क्ष दोन, फरक ०.२:

०.८१६ म² − २ म + १.०१६ = ०

म चं वर्गसमीकरण! वेळेचं नाही, कोनाचं. विवेचक ०.६८, वर्गमूळ ०.८२६, म = १.७३ किंवा ०.७२. कोन ६० अंश किंवा ३५.७ अंश.

दोन्ही धन. आता कुठलं अमान्य करू? कुठलंच नाही, करून बघायचं.

६० अंश: धार उंच गेली, वर जाऊन वाकली आणि सरळ डब्यात पडली, टण टण टण. पहिल्याच फटक्यात! आज्जी टाळ्या वाजवत होती.

३५.७: धार बुटकी, चपटी, डब्याच्या पुढच्या कडेवर आपटली, निम्मं पाणी आत निम्मं बाहेर. कोन अर्धा अंश वाढवला तेव्हा आत गेली. गणितानं बघितलं तर डब्यापाशी उंच धार ५७ अंशात खाली येते, चपटी धार २७ अंशातच, म्हणजे आडवीच घुसते, तिला डब्याचं तोंड अरुंद दिसणार. समीकरणाच्या हिशोबात दोन्ही सारखीच खरी, पण डब्याला उंचवाली जास्त आवडते.

लहानपणी गोट्या खेळताना गलीत गोटी टाकायची तर आम्ही वरून टप्प्यात टाकायचो, घासत नाही, ते याच कारणानं असावं. असो.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, कॉलेजला सुट्टी. अण्णा आणि आई सकाळीच बोटाला शाई लावून आले, मला अजून एक वर्ष आहे.

डबा भिंतीवर ठेवून स्टँड मागे मागे नेला. २.०० ला दोन कोन ६० आणि ३५.७. २.१० ला दोन्ही जवळ आले. २.२० ला आणखी. गणितानं विचारलं की दोन्ही एकच कधी होतील, म्हणजे विवेचक शून्य कधी, तर उत्तर २.२४ मीटर, कोन साडेसत्तेचाळीस. सपाट जमिनीला ४५ हे पाठ होतं, पण डबा वर आहे म्हणून थोडं जास्त.

त्याच्या पलीकडे, २.४० ला, विवेचक येतो −०.७१. दहावीत इथे "वास्तव मुळे नाहीत" लिहून पुढचं गणित. इथे त्याचा अर्थ असा की मी आणि माझा चुलतभाऊ अर्धा तास ४० पासून ६० पर्यंत प्रत्येक अंशाला लावून बघत होतो आणि धार भिंतीच्या अलीकडे लोळत होती. डबा कोरडा. भाऊ म्हणाला अजून एकदा ५१ ला लाव, मी म्हणलं लावतो पण विवेचक ऋण आहे. तो कॉमर्सला आहे, त्याला राग आला.

प्रत्यक्षात शेवटचं पाणी डब्यात पडलं ते २.१८ ला. २.२४ ला थेंबसुद्धा नाही. वेगाचा तो थोडासा फरक इथे टोकाला जास्त जाणवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताईशी फोनवर पाऊण तास. ती एमएस्सी मॅथ्सला आहे. तिला ते ऋण मूळ सांगितलं तर तिने भास्कराचार्यांचं माकडाचं गणित सांगितलं, त्यांच्या बीजगणितातलं. माकडांची टोळी, टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. एकूण किती?

मी सोडवलं. ५० किंवा ५. पन्नासचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक एक, झाले ५०. पाचचा पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक एक, ५. दोन्ही बसतात! पण भास्कराचार्य म्हणतात दुसरं घेऊ नका, कारण मध्ये वजा दोन माकडं येतात आणि ऋण झालेल्या मोजमापावर लोकांचा विश्वास बसत नाही.

ताई म्हणाली, बघ त्यांनी काय केलंय, दुसरं मूळ आधी काढलंय, नीट दाखवलंय, आणि मग कारण देऊन बाजूला ठेवलंय. तू काय केलंस? बघायच्या आधीच खोडलंस. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, साडेआठशे वर्षांच्या वर झाली त्या पुस्तकाला. चाळीसगाव तालुक्यात पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. म्हणजे गणिताचा क्लासच की, तोही दगडात कोरून, आपल्या खानदेशात. एकदा जाऊन यायचं ठरलंय आमचं, एसटीनं.

पण माकडाचं आणि माझं सारखं नाही. वजा दोन माकडं गुहेत जाऊ शकत नाहीत. वजा ०.३०४ सेकंदाला काहीतरी होऊ शकतं. मी रात्री जेवताना ताटातल्या आमटीत बोटानं वक्र काढत होतो, आईनं हात झटकला, पण तेव्हाच दिसलं. धारेचा वक्र निपलपाशी सुरू होतो ते माझ्यामुळे, मी तिथे निपल ठेवलंय म्हणून. समीकरणाला निपल माहीतच नाही. त्याच्यासाठी वक्र मागेही तसाच जातो, निपलच्या मागे खाली उतरतो आणि मागच्या बाजूला जमिनीला टेकतो. −०.३०४ सेकंदाला. ४.९ × कोसाइन ३० × ०.३०४ = १.२९ मीटर मागे.

म्हणजे ऋण मूळ सांगतंय: हेच पाणी जमिनीवरूनच सोडलं असतं तर कुठून आणि किती आधी सोडावं लागलं असतं. मग सोडूनच बघू की.

३० नोव्हेंबर, शनिवार

तयारी. स्टँडच्या १.२९ मीटर मागे जमिनीवरून पाणी सोडायचं, असं की ते १.२० उंचीवर, जिथे निपल होतं बरोबर त्याच ठिकाणाहून, ३० अंशात, ४.९ च्या वेगानं जाईल. जमिनीपाशी वेग किती लागेल? आडवा वेग तोच, ४.२४. उभा वेग २.४५ + ९.८ × ०.३०४ = ५.४३. दोन्ही मिळून ६.८९, कोन ५२ अंश.

६.८९ आठच्या निपलमधून येत नाही, पाईपमध्येच जोर मरतो. म्हणून ५ एमएमचं निपल आणलं, कमी पाणी जातं म्हणून घर्षणात कमी जातं. पूर्ण कॉक उघडला तर दहा लिटरला ६० सेकंद म्हणजे साडेआठ मीटर प्रति सेकंद, फारच. कॉक थोडा थोडा बंद करत ७४ सेकंदांवर आणायचा, तो ६.८९. यावेळी बादली खड्ड्यात ठेवून भरली, तोंड जमिनीच्या पातळीला! (अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत, हसले.) कॉकच्या दांड्याला खडूनं खूण.

निपलचं तोंडसुद्धा जमिनीच्या पातळीत हवं, म्हणून खुरप्यानं छोटा खड्डा केला. आणि जिथे आधी निपल होतं तिथे काठीला एक बांगडी बांधली, ताईची जुनी, आतून सहा सेंटिमीटर. धार त्यातून गेली पाहिजे.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेसहाला, वारा नसताना. कॉक खुणेवर. धार बांगडीच्या खालून गेली, तळहाताएवढी खाली.

परत. तशीच.

कॉक बघितला, खुणेवर होता. बादली परत भरली, ७५ सेकंद. एका सेकंदानं धार फार तर सेंटिमीटरभर खाली येते, आठ नाही. कोन? एका अंशाला बांगडीपाशी चार सेंटिमीटरचा फरक पडतो, हे आधीच काढून ठेवलेलं. कोनमापकावर तर ५२ च दिसत होते. शेवटी गुडघ्यावर बसून डोळा जमिनीला लावून बघितलं तेव्हा दिसलं की दोऱ्याचा नट खड्ड्याच्या कडेला टेकलाय! लटकत नव्हता, बसला होता. म्हणजे ५२ म्हणजे ५२ नव्हतेच.

खड्डा रुंद केला. दोरा मोकळा लटकला, कोन निघाला पन्नासच्या वर थोडासा, तो ५२ केला. कॉक ७४ ला आणला. भाऊ मोबाईल घेऊन बाजूला पालथा पडला होता, स्लो मोशन लावून. मी कॉक उघडला.

धार आधी फुसफुसली, हवा निघाली, मग उठली आणि बांगडीतून गेली. मधून नाही, वरच्या कडेला किंचित घासून, काठी थरथरत होती आणि कडेवरून बारीक फवारा उडत होता, पण आतून. आणि पुढे जाऊन वाकली आणि खुंटीच्या आधी वीतभर पण नाही, आठ सेंटिमीटरवर, राखेत पडली. १० तारखेला ठोकलेली खुंटी, दुसऱ्या निपलची, दुसऱ्या वेगाची, दुसऱ्या कोनाची.

मी काही बोललो नाही, भाऊ म्हणाला, "मग? झालं का तुझं?"

मोबाईलवर दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघितले, १० तारखेचा आणि आजचा. बांगडीच्या पुढे दोन्ही धारा जवळजवळ एकच रेघ.

वहीत १० तारखेच्या त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, तिथे "पान १९ बघा" लिहिलं.

७ डिसेंबर, शनिवार

हरभऱ्याला रेनगन लावलीय, लांबवर पाणी फेकणारा मोठा फवारा. अण्णा म्हणाले, "एवढं आकडं मांडतोस तर सांग, ही कुठवर मारतीय?" मीटरवर दाब ३ किलो, नोझल १० एमएम, नोझलचा कोन २४ अंश, उंची दीड मीटर. दाबावरून वेग २४.२. समीकरण ४.९ टी² − ९.८४ टी − १.५ = ०, मुळं २.१५ आणि −०.१४. अंतर ४७ मीटर. मी ऐटीत सांगितलं, सत्तेचाळीस.

अण्णा पावलं टाकत गेले. पाणी पडत होतं तेवीस मीटरवर.

निम्मं पण नाही धड. आणि यावेळी मोजण्यात चूक नव्हती, मी तीनदा बघितलं. उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभं राहिल्यावर दिसलं, धार नोझलपासून थोड्या अंतरापर्यंतच धार असते, मग फाटते, पांढरी होते, तिचे थेंब होतात आणि थेंब हवेत अडकल्यासारखे होऊन जवळजवळ उभे खाली पडतात. वक्र चढताना पॅराबोला, उतरताना नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि इथे वेग माझ्या अंगणातल्यापेक्षा पाचपट, शिवाय थेंब छोटे. अंगणात ज्याला मी भाव देत नव्हतो ते इथे अर्धं रान खाऊन गेलं. म्हणजे ८ तारखेला मी हवेवर ढकललं नाही ते बरोबर आणि आज हवा धरली नाही ते चूक. हे वर्गसमीकरणात बसत नाही, सर म्हणाले याला कॉम्प्युटरवर छोट्या छोट्या टप्प्यांनी काढतात. पुढच्या वर्षी.

नोझल ४५ ला का नाही, २४ लाच का, हेही यावरून थोडं कळलं, उंच गेलेलं पाणी हवेत जास्त वेळ राहतं आणि वाऱ्याला आयतं सापडतं. अण्णांनी त्यांच्या पद्धतीनं पावलं मोजून गन हलवली.

१६ डिसेंबर, सोमवार

फाईल दिली. तोंडी परीक्षा लगेच घेतली. सरांनी पान उलटत १० तारीख काढली, "वेळ ऋण असू शकत नाही" वर बोट ठेवलं, म्हणाले बरोबर आहे की, मग प्रश्नचिन्ह कशाला? मी पान १९ दाखवलं आणि मोबाईलवर व्हिडिओ लावला. सरांनी एकदा बघितला. मग चष्मा काढून परत बघितला, बांगडीपाशी थांबवून.

"बांगडी कुणाची रे?"

ताईची सांगितलं.

आलेखाच्या उभ्या अक्षाला एकक लिहिलं नव्हतं, त्याचा एक मार्क गेला.